मागच्या डाव्या दाराचं कापड

लोणावळ्यात जुन्या हायवेला, वळवणच्या जरा अलीकडे, दत्तोबा कुशनवाल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, पुढं पत्र्याची शेड, मागं गवत माजलेली मोकळी जागा आणि दोहोंच्या मधे एक शिलाई मशीन. दिवाळी सरली की शेडबाहेर गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात दत्तोबा चिकटवायचं काम घेतच नाहीत. म्हणतात, "हवेतच पाणी असतंय, सोल्यूशन धरायचं कशाला?" मग भुशी धरणावर भिजून तसेच ओल्या अंगानं सीटवर बसलेले, काचा लावून घर गाठलेले लोक हिवाळ्यात येतात. कुणाचं छत लोंबतंय, कुणाच्या दाराला फोड आलेत. "गाडीला काय झालं हो?" विचारतात. "गाडीला न्हाई, तुमाला झालंय," दत्तोबा सांगतात. "आधी टावेल घ्या इकत."

त्या मशीनवर संगीता बसायची. बी.कॉम. झालेली बाई सीटकव्हरं शिवते म्हणून नात्यातल्यांनी आधी नाकं मुरडली, मग आपणच समजूत घालून घेतली, की पोर गेल्यावर घरात भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा हे बरं. मन रमतं. संगीतानं तो समज कधी खोडला नाही. खरं कारण तिनं नवऱ्याला, उमेशलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला एक गाडी शोधायची होती, आणि गाड्या जिथं आपल्या पायानं येतात अशी जागा तिला दुसरी ठाऊक नव्हती.

गाडी त्यांचीच. उमेश ती टुरिस्टला चालवायचा. शनिवार-रविवार कार्ला, लोहगड, भुशी. मग सनी आजारी पडला आणि त्या गाडीला एकच रस्ता उरला, लोणावळ्याहून पुण्याच्या हॉस्पिटलचा. पोर सहा वर्षांचं. मागं डाव्या दाराशी उशी लावून, पाय आईच्या मांडीवर टाकून बसायचं. एक्स्प्रेस-वेवर कामशेतचा बोगदा आला की सनी बापाच्या खिशातलं बॉलपेन मागून घ्यायचा आणि दाराच्या कापडावर एक ठिपका द्यायचा. जाताना एक, येताना एक.

"अरे, पॅसेंजरची गाडी आहे, तुझी वही नाही," उमेश पुढून ओरडला होता.

"बोगद्याला कळायला नको का, आपण येऊन गेलो ते?" सनी म्हणाला होता. पुढल्या खेपेला उमेशनं आपण होऊन पेन मागं दिलं.

अकरा खेपांचे बावीस ठिपके झाले. बाराव्या खेपेला जाताना पोराचा हात उचलेना. संगीतानं मनगट धरलं, तरी पेन घसरलं. ठिपक्याऐवजी अर्ध्या बोटाएवढी निळी रेघ उमटली. परतीला तो ॲम्ब्युलन्समध्ये होता. बोगदा कधी आला, कधी गेला, तिला आठवत नाही.

पंधराव्या दिवशी उमेशनं गाडीची किल्ली तळेगावच्या एजंटाच्या हातात ठेवली. त्याला त्या गाडीत बसवत नव्हतं, एवढंच. संगीता तेव्हा माहेरी, भिंतीकडं तोंड करून पडलेली. महिन्यानं एका सकाळी चहा गाळता गाळता तिला ते कापड आठवलं, आणि गाळणी हातातच राहिली. तशीच ती तळेगावला गेली. एजंट म्हणाला, "ताई, गाडी त्याच आठवड्यात गेली. मधे दोन हात झाले. कुणाकडं आहे, मला काय ठाऊक?" तेव्हापासून रस्त्यानं चंदेरी गाडी दिसली की तिची नजर आधी नंबरावर जायची. सिग्नलला उभ्या गाडीच्या मागच्या काचेतून डोकावताना दोनदा शिव्या खाल्ल्या होत्या तिनं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास शेडसमोर चंदेरी गाडी थांबली आणि संगीतानं सवयीनं नंबर वाचला. पायाखालचं मशीन थांबलं.

गाडीतून एक तरुण बाई उतरली, कडेवर दीडेक वर्षाची मुलगी. मागून तिची आई उतरली, नऊवारी नेसलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तरुण बाईचं नाव मानसी. तळेगावच्या सोसायटीत राहणारी, माहेर इथलंच, लोणावळ्याचं. आईला सगळे आक्काबाई म्हणत.

"काका, ही दारं बघा ना," मानसी म्हणाली. "सगळीकडे फुगलंय. दाबलं की आतून करकर वाजतं आणि पिवळी पावडर पडते. पिल्लूचा खोकला महिनाभर थांबत नाहीये. डॉक्टर म्हणाले धुळीची ॲलर्जी असेल. मी घरातले पडदे काढले, गालिचा काढला, मऊ खेळणी पोत्यात भरली. मग एक दिवस हिच्या हातावर ही पावडर दिसली."

बोलता बोलता तिचा हात दोनदा मुलीच्या कपाळाला लागून आला. ताप नव्हता. हाताला ते माहीत होतं, तरी तो जात होता. संगीतानं ते पाहिलं. तो हात तिच्या ओळखीचा होता.

दत्तोबांनी मागच्या डाव्या दारावर अंगठा दाबला. फोड बसला, पुन्हा वर आला. "फोम मेलाय," ते म्हणाले. "कापडाच्या पाठीला पातळ फोम असतोय, त्याचं पीठ झालंय. वरनं सुई मारून, गोंद सोडून चालायचं न्हाई. लोक करत्यात तसं, आठ दिवसांत परत फुगतंय. पॅड सोडवायचं, कापड काढायचं, पीठ खरवडून सगळं नवं बसवायचं. चार वाजता या."

"खोकला न्हवं का नुसता," आक्काबाई मधेच म्हणाल्या. "ह्या दाराशी बसवली की पोरगी रडती. पलीकडं बसवली की गप. मी पयल्यापास्नं म्हनती, जुनी गाडी घिऊ नका. कुनाची व्हती, काय व्हती..."

"आई, पुरे," मानसी म्हणाली. पण तिनं आईला हसून उडवून लावलं नाही, हेही संगीतानं पाहिलं.

त्या दोघी माहेरच्या घरी गेल्या. दत्तोबांना दुपारी खंडाळ्याच्या बंगल्यातले सोफे बघायला जायचं होतं. जाताना म्हणाले, "दारं तू घे. आणि कापड फाडू नको, अख्खं काढ. त्योच आपला फर्मा."

म्हणजे जुनं कापड नव्यावर पसरायचं, खडूनं कड आखायची आणि त्यावरून कापायचं. ही नेहमीची रीत. दत्तोबांची आणखी एक रीत होती. काम झालं की निघालेला जुना माल ते गिऱ्हाइकासमोर उलगडून दाखवत आणि सुतळीनं बांधून त्याच्या हातात देत. फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्यावर चांगलं चामडं ठेवून घेतल्याचा आळ घेतला होता, तेव्हापासूनची. दहातले नऊ लोक ते गाठोडं शेडच्या कोपऱ्यातच टाकून जात.

संगीतानं पुढची दोन्ही दारं आधी केली. मग मागचं उजवं. डावं ती मुद्दाम मागं ठेवत होती. त्या दाराचं कापड वरून चांगलंच मळलेलं. कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलं होतं, त्यावर बिस्किटाचे, दुधाचे डाग. तिनं काच खाली केली आणि वाकून पाहिलं. काहीच दिसेना. क्षणभर वाटलं, गेले. घासून काढले कुणीतरी. मग तिनं फुगलेलं कापड बोटांनी ताणलं, आणि सुरकुतीत दडलेले ठिपके वर आले. काही फिकट, काही गडद. पेन नवं होतं ते दिवस, पेन संपत आलं होतं ते दिवस. कडेला ती रेघ.

पॅडच्या क्लिपा निघाल्या. पॅड मांडीवर घेऊन ती खाली बसली. कापड एका टोकानं सुटलं तसं मागचं पिवळं पीठ तिच्या साडीवर सांडलं. जपून, बोटभर बोटभर, ताप उतरलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी काढावी तसं तिनं ते सोडवलं. अख्खं निघालं. जेमतेम हातभर लांब, वीतभर रुंद.

तिनं ते नाकाला लावलं. बिस्किटाचा वास आला, कुठल्यातरी बेबी पावडरचा आला. दुसऱ्याच लेकराचा वास.

कातरी हाताशी होती. तेवढा तुकडा कापला असता तर? पण दत्तोबा गिऱ्हाइकासमोर कापड उलगडणार, भोक दिसणार, म्हाताऱ्याची इतक्या वर्षांची रीत तिच्यापायी खोटी पडणार. तिनं खाकी कागद घेतला, त्यावर कापड ठेवलं आणि आरीच्या टोकानं एकेक ठिपका टोचून कागदावर उतरवला. रेघेचा एक धरून तेवीस झाले. कागद उजेडाला धरला तर उजेडाचे तेवीस कण दिसले. सुंदर दिसले, पण तिच्या कामाचे नव्हते. ते तिनं टोचलेले होते. तिनं कागद चुरगाळला.

आणि मग तिनं मनाशी ठरवलं, सरळ मागायचं. चिंधीच तर आहे. चिंधीला कोण नाही म्हणतं?

चारच्या आधी चारी दारं तयार होती. नवं कापड गुळगुळीत बसलं, कुठं सुरकुती नाही. दत्तोबांनी परत आल्यावर तळहात फिरवला आणि "बरं केलंस" एवढं म्हणाले. त्यांच्या तोंडी ते पुष्कळ. मानसी आली. तिनं प्रत्येक दार नखानं दाबून पाहिलं, वाकून कान लावला, रुमालानं पुसून रुमाल उजेडात धरला. पावडर नव्हती. तिचे खांदे खाली आले.

दत्तोबांनी रीतीप्रमाणं जुनी कापडं पसरली. "ही तुमची चार. बगून घ्या."

"आम्हाला कशाला काका, टाकून द्या," मानसी म्हणाली.

तिथं संगीता गप्प राहिली असती तर सगळं पार पडलं असतं. कापडं कोपऱ्यात पडली असती आणि ती घरी गेली असती त्यातलं एक पिशवीत घालून. पण दीड वर्ष थांबलेल्या बाईला अर्धा मिनिट थांबवलं नाही.

"हे एक मी ठेवू का?" ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही.

आक्काबाई वळल्या. "कंचं?"

"हे. मागच्या डाव्या दाराचं."

"त्येच का?"

संगीतानं कापडाची कड बोटानं सरळ केली. "असंच. फर्म्याला."

"फर्म्याला चारी लागतील की," आक्काबाई म्हणाल्या. आता त्या नीट बघत होत्या. संगीताच्या गळ्यात, कपाळावर, डोळ्यांत. "तुला पोरं किती गं?"

"एक." हे तिनं लगेच सांगितलं. "मुलगा."

"केवढा?"

"सहा वर्षांचा."

"कुटं असतो?"

"गावी." हेही खोटं नव्हतं. नाणे मावळातल्या उमेशच्या गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, तो होता.

दत्तोबांनी मान खाली घातली आणि सुतळीचा गुंडा उगाच सोडवायला घेतला. सनी गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. ही गाडी कुणाची ते ठाऊक नव्हतं.

"मग लेकुरवाळी असून तुला म्हाईत न्हाई व्हय?" आक्काबाई म्हणाल्या. "लेकराच्या लाळेचं कापड परक्या बाईला देत न्हाईत. पोरगी महिनाभर ह्येच चोखती. आनि ह्याच दाराला रडती, आनि तुला ह्येच पायजे? मानसे, म्या काय म्हनत व्हते?"

"अवो आक्का, आमचं काम गाडीचं, दृष्टीचं न्हाई," दत्तोबा म्हणाले. "चांगल्या घरची पोर हाय ती."

"मी वाईट कुटं म्हनले? पन ह्ये हितं ऱ्हायचं न्हाई. जाळा ह्ये, माज्या डोळ्यांदेखत."

मानसी शिकलेली होती. तिचा चेहरा लाजेनं लाल झाला. "ताई, सॉरी हं. आई जुन्या वळणाची आहे," ती म्हणाली. पण मुलीला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं, संगीतापासून लांब. नकळत घेतलं असेल. मग हळूच म्हणाली, "जाळलं तर तिच्या मनाला बरं वाटेल. आणि खरं सांगू का, माझ्याही. महिनाभर झोपले नाहीये हो मी. रात्री हिचा श्वास ऐकत बसते."

संगीताच्या ओठांवर सगळं येऊन उभं होतं. हे माझ्या मुलाचं आहे. हे डाग नाहीत. एक वाक्य बोलायचं होतं, आणि कापड तिच्या हातात आलं असतं. आक्काबाईंनी फेकूनच दिलं असतं तिच्या अंगावर. आणि मग ही मानसी तळेगावला जाऊन रात्री अंधारात बसली असती. एक मूल ह्याच दाराशी बसून बारा वेळा दवाखान्यात गेलं आणि शेवटी आलं नाही. पुढच्या प्रत्येक खोकल्याला तिला ते आठवलं असतं. गाडी विकली असती, तरी ते विकलं गेलं नसतं. मानसीचा हात पुन्हा मुलीच्या कपाळाकडं गेला.

"आबा, काडेपेटी द्या," संगीता म्हणाली.

"मी जाळतो. तू ऱ्हाऊ दे," दत्तोबा म्हणाले. त्यांना काहीतरी कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

"नको आबा. माझ्या हातानं होऊ दे."

शेडच्या मागं रेक्झिनच्या कातरणी जाळायची जागा होती. गवत तेवढंच काळं. तिनं चारी कापडं तिथं ठेवली, डाव्या दाराचं सगळ्यांत वर. त्यांच्या गावात सहा वर्षांच्या लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि बाया तिथवर जात नाहीत. तिला उंबऱ्यातच धरून ठेवलं होतं चौघींनी. माती कुणी लोटली, किती लोटली, डोकं कोणत्या दिशेला ठेवलं, काही तिनं पाहिलं नव्हतं.

पहिली काडी विझली. दुसरी लागली.

ते कापड सुती नव्हतं. ते जळेना, आकसू लागलं. कडा आत वळल्या, मधलं अंग गोळा होत आलं. ठिपके एकमेकांच्या जवळ सरकले, आणखी जवळ, गर्दीत पोरं आईला चिकटावीत तसे, आणि मग तिथं ठिपके नव्हते, एक काळपट थेंब होता, त्यावर निळी ज्योत. रेघ शेवटी गेली. धूर डोळ्यांत गेला म्हणून आक्काबाई मागं सरल्या. धुराची सोय झाली. संगीताचे डोळे कुणाच्या लक्षात आले नाहीत.

"सुटलं," आक्काबाई म्हणाल्या. आता आवाज मऊ होता. "राग धरू नगं गं पोरी. तुलाबी लेकरू हाय. तूबी आसंच केलं आसतंस."

"हो मावशी," संगीता म्हणाली. "मीही असंच केलं असतं."

गाडीत बसताना मानसी थांबली. "ताई, काही काळजी घ्यायची का?"

"दोन दिवस काच चार बोटं उघडी ठेवा. सोल्यूशनचा वास निघून जाऊ दे. तोवर बाळाला उजवीकडे बसवा."

"आणि नंतर?"

"नंतर बसवा की इथंच," संगीता म्हणाली. "चांगली जागा आहे. बाहेरचं सगळं दिसतं."

मानसी हसली. गाडी वळून तळेगावच्या बाजूला लागली. मागच्या काचेतून मुलीचा हात तेवढा दिसत होता, दाराच्या नव्या कापडावर सपासप आपटत असलेला. रडत नव्हती.

संगीता मागं गेली. जमिनीवर काळा, चकाकता गोळा होता, चिंचोक्याएवढा. तिनं तो उचलायला हात घातला आणि बोट चरचरलं.

"अगं सोड, गरम हाय त्ये," दत्तोबा मागून म्हणाले. मग तिच्याकडं बघून त्यांचा आवाज बसला. "संगीता... गाडी कुनाची व्हती गं?"

पोळलेलं बोट तोंडात धरून ती गवतात बसली, आणि तो गोळा गार व्हायची वाट बघत राहिली.